स्प्रे बंद करा, पाणी वाढवा

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. आठ महिन्यांचा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा), घर इंदिरानगरला, पाऊस लागल्यापासून त्याच्या काचेच्या टँकमधला दमटपणाचा मीटर ७५ टक्क्यांच्या खाली येत नाही, दुकानदाराने सांगितलं म्हणून सकाळ-संध्याकाळ स्प्रे मारताय आणि तरी शीमधला पांढरा भाग केशरी आणि कडक येतोय. "हवेत एवढा ओलावा असून हा आतून कोरडा कसा?" हा तुमचा प्रश्न.

तर पहिलं काम, टँकमध्ये स्प्रे मारणं आजपासून बंद. हवेतला दमटपणा वेगळा आणि पोटात जाणारं पाणी वेगळं, ह्या दोन्हीची गल्लत जवळपास सगळेच करतात. ह्याची कातडी पाणी शोषत नाही, जे काय जातं ते तोंडातूनच जातं. म्हणजे स्प्रेने काचा ओल्या होतात, खालचं कोकोपीट ओलं राहतं, फुप्फुसाला त्रास होतो आणि पोट कोरडं ते कोरडंच. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या रखरखीत भागातला, त्याला ह्युमिडिटी, म्हणजे हवेतला दमटपणा, साधारण ३० ते ४० टक्के लागते, थोडा वेळ ५० झाली तर घाबरू नका, पण रोजचे ७५ नकोत.

पण आधी मीटर खरं बोलतोय का ते बघा. काचेला चिकटवायचा काटेवाला गोल मीटर असेल तर त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. डिजिटल घ्या, आणि तोही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, वर पाणी तरंगायला नको. ते झाकण आणि मीटर एका झिपवाल्या पिशवीत हवाबंद करून आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ च्या आसपास यायला पाहिजे. ८१ दाखवला तर पुढे कायम ६ वजा करून वाचा. आणि मीटर टँकच्या थंड बाजूला, मधल्या उंचीवर ठेवा, कारण बल्बखाली हवा तापते आणि तिथे आकडा नेहमी कमीच दिसतो.

आता पाणी पाजायचं कसं. वाटीत साचलेलं पाणी ह्यातल्या बऱ्याच जणांना पाणी म्हणून कळतच नाही, ते हलणाऱ्या थेंबाला ओळखतात. सुई काढलेली सिरिंज घ्या आणि नाकाच्या शेंड्यावर एक थेंब सोडा. तो डोळे मिचकावेल, मग जीभ बाहेर येईल आणि एकदा चाटायला लागला की तुम्ही फक्त थेंब-थेंब सोडत राहा, तोंड उघडून जबरदस्तीने ओतू नका, श्वासनळीत जातं. माझा तर डोकं खाली, ढुंगण वर करून उभा राहतो, म्हणजे अंगावर पडलेलं पाणी वाहत तोंडाशी येईल असा, रानात पावसात हे असेच पितात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी सिरिंज हातात धरून नुसता बघत बसलो होतो. सध्या रोज पाजा, शीमधला तो भाग पांढरा आणि मऊ यायला लागला की दिवसाआड.

आठवड्यातून दोनदा अंघोळ चालेल, बाळाला घालतो तसं कोमट पाणी, त्याच्या खांद्याच्या खाली राहील एवढंच, दहा-पंधरा मिनिटं, आणि तिथून उठून जायचं नाही. नंतर फडक्याने नीट पुसून बल्बखाली. रात्री अंघोळ नको, ओल्या अंगाने झोपला की सर्दी धरलीच समजा.

बाकी पाणी खाण्यातून. कोथिंबीर, लाल भोपळा, जास्वंदाचं फूल, काटे काढलेली नागफणी, सगळं धुवून न पुसता द्या. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवतं. आणि आपल्याकडे घरात द्राक्षं असतातच म्हणून लोक त्यातून पाणी जाईल असं समजून देतात, तर फवारणीमुळे चांगली धुवून, बिया काढून, महिन्यातून एखादं, बस. त्याला खायला देता त्या किड्यांनाही आदल्या दिवशी गाजर, काकडी खायला घाला, सुकलेला किडा दिला तर त्यातून पाणी काय मिळणार.

टँक कोरडा करायला कोकोपीट काढून साधी टाइल किंवा वर्तमानपत्र घाला, वरचं झाकण पूर्ण जाळीचं ठेवा, ओल धरलेल्या भिंतीपासून टँक सरकवा. बास्किंगची, म्हणजे बल्बखाली शेकत बसायची जागा ४० अंशांच्या आसपास असली की दिवसा आकडा आपोआप उतरतो. खरी पंचाईत रात्री, बल्ब बंद झाला की हवा गार होते आणि आकडा चढतो. तिथे उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावून २४ अंश धरा. ओलावा खेचणारे डबे खोलीत ठेवा, टँकमध्ये अजिबात नाही, ते पाणी त्याने चाटलं तर जिवावर बेतेल.

आणि हे एप्रिल-मेसाठी आत्ताच लिहून ठेवा. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात मी टँकच्याच खोलीत कूलर लावला, त्याला गार वाटावं म्हणून. बाहेर कोरडी हवा आणि खोलीत ६५-७०, माझ्या लक्षातच आलं नाही, कारण उन्हाळ्यात दमटपणा कोण बघतं. तीन आठवड्यांनी श्वास घेताना टिक-टिक आवाज यायला लागला, मग नाकाशी बुडबुडा, पुढे महिनाभर औषधं. वाचला, पण ते दिवस मी विसरलो नाही. कूलर दुसऱ्या खोलीत लावा, ह्याच्या खोलीत पंखा.

बल्बखाली तोंड उघडून बसणं नॉर्मल आहे, तो अंगातली उष्णता सोडतो. पण गार बाजूला बसून तोंड उघडं, नाकातून बुडबुडे, कातडीवर पिवळट खपल्या, डोळे खोल गेलेले किंवा चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहिली, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. पाच-सहा दिवस पाणी पाजूनही केशरीच येत असेल तरी जा, किडनीचं बघावं लागेल.

मिठाची टेस्ट आज रात्री लावा आणि सकाळचा आकडा इथे टाका, सोबत पूर्ण टँकचा फोटो, झाकण दिसेल असा.