नेदरलँड्सला चेंज मॅनेजमेंट शिकायला यायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा: बीई मेकॅनिकल, पुण्यात आयटीत सात वर्षं, त्यातली शेवटची तीन ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) रोलआउटच्या युजर ट्रेनिंगमध्ये, वय तेहेतीस. नेदरलँड्सला चेंज मॅनेजमेंटचं, म्हणजे संस्थेतले बदल माणसांच्या गळी उतरवण्याच्या शास्त्राचं, एमएससी करावं का, आणि पुढे नोकरी लागेल का?

शिक्षण चांगलं आहे. पण डच न शिकता इथे 'चेंज मॅनेजर' म्हणून चिकटू, या भरवशावर कर्ज काढू नका. सहकारी आपसात डच बोलतात एवढंच त्याचं कारण नाही. खरं कारण कायद्यात आहे, ते पुढे येईलच.

आधी प्रवेशाचं बघू. ग्रोनिंगेन विद्यापीठात चेंज मॅनेजमेंट याच नावाचं एक वर्षाचं इंग्रजी एमएससी आहे, ६० ईसीचं. ईसी म्हणजे युरोपातलं क्रेडिट. एक ईसी म्हणजे २८ तास अभ्यास, म्हणजे पाच ईसीच्या एका विषयाला १४० तास. नोकरीसारखे आठवड्याला चाळीस तास धरूनच चाला. टिलबर्गचं ऑर्गनायझेशन स्टडीजही बघा, विषय बराचसा तोच आहे. इंजिनिअरांचं घोडं अडतं ते टक्केवारीवर नाही. मॅनेजमेंट, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती तुम्ही पदवीला किती शिकलात, हे आधी मोजलं जातं. कमी पडलं तर प्री-मास्टर, म्हणजे एमएससीआधीचा पूरक अभ्यासक्रम, करायला सांगतात किंवा सरळ नकार येतो. म्हणून फी भरण्याआधी आपल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम काढा, संबंधित विषयांपुढे तास आणि पाठ्यपुस्तक लिहा, आणि प्रवेश कार्यालयाला ईमेलवर विचारा. आपल्याकडचा 'इंडस्ट्रियल मॅनेजमेंट'चा एखादा पेपर सहसा पुरत नाही.

प्रेरणापत्रात 'सत्तर टक्के बदल फसतात' हे वाक्य घालू नका. त्या आकड्यामागे भक्कम मोजणी नाही, हे मार्क ह्यूझ या संशोधकांनी २०११ मध्येच दाखवून दिलंय. वाचणाऱ्या प्राध्यापकाला ते ठाऊक असतं. त्याऐवजी तुमच्या रोलआउटमधला एक नेमका पेच लिहा. उदाहरणार्थ, ट्रेनिंगला हजेरी पूर्ण होती, तरी स्टोअरमधली मंडळी तीन महिने एक्सेलच वापरत राहिली, असं का? प्रबंधाचा प्रश्न यातूनच निघतो. प्रबंधात बहुतेकांचं चुकतं ते एकाच जागी: कंपनीसाठी शिफारशींचा अहवाल लिहून मोकळे होतात. इथे सिद्धांतातली फट दाखवायची, मुलाखतींचं कोडिंग (उत्तरांना विषयवार खुणा लावून वर्गवारी) करायचं, आणि निष्कर्ष कशामुळे डळमळीत होऊ शकतो तेही लिहायचं. गुण दहापैकी असतात, साडेपाचला पास. आठ मिळाले तर घरी पेढे वाटा.

आता कायद्याचं. ५० किंवा अधिक माणसं असलेल्या संस्थेत 'ओंडरनेमिंग्सराद' असावीच लागते. सगळे तिला ओआर म्हणतात. ही कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती, आपल्याकडची युनियन नव्हे. पुनर्रचना, विभाग बंद करणं, महत्त्वाचं नवं तंत्रज्ञान आणणं अशा गोष्टींवर ओआरच्या कायद्यातल्या कलम २५ नुसार तिचा सल्ला मागावा लागतो, तोही निर्णय बदलता येईल अशा वेळी. सोबत कारणं, कर्मचाऱ्यांवरचे परिणाम आणि त्यावरचे उपाय लेखी द्यायचे. सल्ल्याविरुद्ध निर्णय घेतला तर अंमलबजावणी एक महिना थांबवावी लागते, आणि त्या महिन्यात ओआर ॲमस्टरडॅमच्या ओंडरनेमिंग्सकामर या न्यायपीठाकडे जाऊ शकते.

एक उदाहरण घ्या. सर्व्हिस डेस्कला नवी तिकीट प्रणाली येतेय. तिच्यातल्या डॅशबोर्डवर कुणी कोणत्या तिकिटाला किती मिनिटं लावली ते मॅनेजरला दिसणार. पुण्यात गो-लाइव्हची तारीख ठरते, दोन ट्रेनिंग होतात, मेल जाते. इथे तो एक डॅशबोर्ड त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये अडकतो, कारण कर्मचाऱ्यांवर नजर ठेवू शकणाऱ्या यंत्रणेला नुसता सल्ला पुरत नाही, संमती लागते. ती न घेता सुरू केलं, तर ओआर महिन्याभरात लेखी कळवून निर्णय रद्द ठरवू शकते. संमती नाकारली गेली तर मालकाला न्यायाधीशाकडे जावं लागतं. फसतं कुठे, तर व्हेंडरशी करार आधी होतो आणि ओआरची आठवण नंतर येते. म्हणून प्रोजेक्ट प्लॅनमध्ये ओआरसाठी निदान दोन महिने ठेवावेत. आणि डॅशबोर्ड व्यक्तीऐवजी टीमचे आकडे दाखवेल असा पर्याय तयार ठेवावा. बोलणी बहुधा तिथेच मिटतात.

ही कागदपत्रं, या बैठका बहुतेक ठिकाणी डचमध्ये चालतात. इथे एक शब्द रोज कानावर पडेल: 'द्राखव्लाक', म्हणजे निर्णयाचं ओझं पेलणारा पाठिंबा. तो गोळा करणं हेच चेंजवाल्याचं काम, आणि ते भाषेवाचून होत नाही. बैठकीत इथला माणूस तोंडावर 'नाही' म्हणतो, ते सोपं. आपल्याकडे 'करूया की' म्हणून कुणी करत नाही, ते ओळखायची तुमची सवय इथे फारशी कामाची नाही.

म्हणून नोकरीसाठी ईआरपी, प्रोसेस, युजर अडॉप्शन या बाजूने शिरा. वेल्डहोवनच्या एएसएमएलसारख्या (चिप बनवायची यंत्रं करणारी कंपनी) इंग्रजीत चालणाऱ्या कंपन्यांत हे जमतं. निघण्याआधी डचची ए२ (प्राथमिक) पातळी आणि वर्षभरात बी१ (मध्यम) गाठा. प्रोस्की या संस्थेचं चेंज मॅनेजमेंटचं तीन दिवसांचं सर्टिफिकेट महाग आहे. एखादी कंपनी पैसे देईल तेव्हा करा.

व्हिसाचा अर्ज विद्यापीठच आयएनडीकडे, म्हणजे डच इमिग्रेशन खात्याकडे, करतं. शिक्षणाची फी साधारण १८ ते २५ हजार युरो, शिवाय वर्षाच्या राहणीखर्चाची सोय दाखवायची, दरमहा अकराशे युरोंच्या वर. हा आकडा बदलत राहतो, चालू वर्षाचा बघा. शिकताना आठवड्याला १६ तास किंवा फक्त जून ते ऑगस्ट पूर्णवेळ काम करता येतं, पण मालकाला तुमच्यासाठी परवाना काढावा लागतो आणि बरेच जण तो काढत नाहीत. काम सुरू झालं की डच आरोग्य विमा सक्तीचा, महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास.

पदवीनंतर 'झूकयार', म्हणजे नोकरी शोधायला एक वर्ष. ते वाढवून मिळत नाही, पण पदवीपासून तीन वर्षांत कधीही मागता येतं. तुमच्या वयाला खरा फायदा पगाराच्या अटीत आहे. २०२५ मध्ये तिशी ओलांडलेल्या हायली स्किल्ड मायग्रंटला (कुशल परदेशी कर्मचाऱ्याच्या परवान्यासाठी) दरमहा ५,६८८ युरो पगार लागत होता. इथून पदवी घेतलेल्याला तीन वर्षांच्या आत २,९८९ पुरत होते. कंपनी मात्र आयएनडीच्या मान्यताप्राप्त यादीतली हवी. मुलाखतीत हा फरक तुम्हीच सांगा, छोट्या कंपन्यांच्या एचआरला तो अनेकदा माहीत नसतो.

आणि प्रवेशपत्र हातात पडलं की त्याच दिवशी खोली शोधायला लागा. ग्रोनिंगेनला सप्टेंबरात खोल्यांची मारामार असते. घरमालकाला पहिला प्रश्न भाड्याचा नको. या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल का, हा हवा. नोंदणी नाही तर बीएसएन (सरकारी नागरिक क्रमांक) नाही, आणि त्याच्याशिवाय पगारही अडतो. 'इन्श्राइव्हिंग (नोंदणी) नाही' असं जाहिरातीत लिहिलेली स्वस्त खोली सोडून द्या.