घरच्या लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) सॉ मिलचं, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीचं, छोटं चालतं मॉडेल बनवायचं आहे, आराखड्याची सुरुवात कुठून करू?

करवतीपासून. बहुतेक जण आधी छप्पर आणि शेड काढत बसतात. समजा गोल पातं ६३ मिमी व्यासाचं आणि त्याला मधे धरणारी चकती २५ मिमी व्यासाची. म्हणजे चकतीबाहेर प्रत्येक बाजूला उरलं १९ मिमी. त्यातून दीड सेंटीमीटरचा ओंडका कसाबसा चिरला जाईल. बाकी सगळी मापं या आकड्यावरून काढा.

धातू कापायचं बारीक दातांचं पातं टाळा. त्यात भुसा अडकतो, बाजू घासतात आणि लाकूड जळतं. (वास मात्र खऱ्या वखारीसारखा येतो!) मोठे, एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले दात हवेत. मॉडेल लहान केलं तरी लाकडाचे तंतू लहान होत नाहीत. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्यांना) या पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण १० मीटर येतो. खऱ्या गिरणीत तो ५० च्या आसपास असतो, म्हणून ओंडका सावकाश पुढे सरकवा.

खरी कसोटी ओंडका पात्याकडे नेणाऱ्या, रुळांवरच्या गाड्याची. एक रूळ व्ही आकाराचा, दुसरा सपाट ठेवा. व्ही दिशा धरतो, सपाट फक्त वजन पेलतो. दोन्ही व्ही केलेत तर रुळांमधल्या अंतरात जरा फरक पडला की गाडा अडकलाच. मोठ्या गिरण्यांतही हीच पद्धत.

पात्यामागे पातळ पाचर बसवा, नाहीतर चिरलेली फट मिटून पातं आवळते. आणि पात्यावर झाकण हवंच. खेळणं दिसलं तरी बोट कापतं.