काम झालं नाही, तरी पैसे मागायचे का?

प्रश्न : नोकरी गेल्यापासून मी घरीच आहे. दुचाकी आहे. शेजारच्या वयस्कर मंडळींची औषधं आणणं, बिलं भरणं, कार्यालयातून कागद आणून देणं हे मी आजवर असंच, पैसे न घेता करत आले. आता लोकांची अशी बाहेरची कामं करून द्यायचा व्यवसायच सुरू करावा म्हणते. ताई, दर कामावर लावू की तासावर? आणि हेलपाटा पडला, काम झालंच नाही, तर पैसे मागणं बरं दिसेल का?
– एक वाचक

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण व्यवसाय टिकणार की नाही ते त्यावरच ठरणार आहे. मागा. खिडकी बंद निघाली, सही करणारे रजेवर होते, औषध संपलं होतं, यात तुमची चूक काहीच नाही, पण वेळ तुमचाच गेला. लोक ही कामं दुसऱ्याकडे सोपवतात ती अवघड असतात म्हणून नाही. रांगेत उभं राहायला आणि पुन्हा पुन्हा खेपा घालायला त्यांच्याकडे वेळ नसतो, किंवा अंगात बळ नसतं. त्या ताटकळण्याचेच पैसे तुम्ही सोडून दिलेत, तर मग घेणार कशाचे? फक्त ही अट पहिलं काम घेण्यापूर्वी सांगा, आणि निघण्याआधी फोन करून चौकशी करायची सवय ठेवा.

म्हणून दर तासावर लावा. घरातून निघाल्यापासून काम पोचतं करेपर्यंतचा वेळ धरा आणि एक किमान आकार ठेवा. पाकीट पोचवणं, पुस्तक परत करणं अशा ठरावीक वेळेच्या कामांना एकरकमी दर चालेल. इंधन किलोमीटरप्रमाणे वेगळं.

दर काढताना एक चूक फार जण करतात. महिन्याला हवी असलेली कमाई कामाच्या सगळ्या तासांनी भागतात. पण दिवसाच्या आठ तासांतले अडीच तास फोन, हिशेब आणि एका कामाहून दुसऱ्याकडे जाण्यात गेले, तर पैसे मिळतात ते साडेपाचच तासांचे. कमाईत गाडीची दुरुस्ती, फोन, विमा, कर मिळवा आणि भागाकार त्या साडेपाच तासांच्या हिशेबाने करा. आकडा मोठा वाटेल, पण खरा तोच आहे. एका भागातली कामं एकाच दिवशी घेतलीत तर फुकट जाणारा वेळ कमी होतो. ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणणाऱ्याला जास्त दर सांगा.

शेजारच्या ज्या आजींकडून पैसे घ्यायला जीव धजत नाही, त्यांचं काम खुशाल फुकट करा. पण वहीत पूर्ण दर मांडून समोर ‘सूट’ लिहा, म्हणजे महिनाअखेरीस आपण किती देतोय ते आपल्याला दिसतं.

आता पैशांची शिस्त. याबाबतीत मी फार कडक आहे. खरेदी स्वतःच्या खिशातून करू नका, रक्कम आगाऊ घ्या. प्रत्येकाचं पाकीट वेगळं, आणि पावती व उरलेले पैसे त्याच दिवशी परत. कुणी कितीही विश्वासाने दिलं तरी कार्ड आणि पिन, ओटीपी, कोरा सही केलेला धनादेश हातात घेऊ नका. पुढे खात्यात काही गडबड निघाली, तर ज्याला पिन ठाऊक होता त्याच्याकडेच आधी बोट जातं. पिन देणारी व्यक्ती भली असते, पण तिच्या मुलांनी तुम्हाला पाहिलेलंही नसतं.

औषधं आणताना चिठ्ठी सोबत हवीच. दुकानदाराने ‘याच्याऐवजी हे चालेल’ म्हटलं, तर घरी फोन लावा. तो निर्णय तुमचा नाही. कार्यालयाच्या कामाला सहीचं अधिकारपत्र घ्या, आणि प्रतिनिधी चालतो का ते आधी विचारा. कित्येक ठिकाणी माणूस स्वतःच लागतो. कुणी घराची किल्ली दिली, तर तिच्या चिठ्ठीवर नाव-पत्ता नको, खुणेचा आकडा लिहा. खासगी वापराच्या गाडीविम्यात व्यवसायासाठीचा वापर बसतोच असं नाही, तेही विमा कंपनीला आत्ताच विचारून घ्या.

एक काम तुमच्या यादीत नाही, ते आवर्जून घाला : दवाखान्यात सोबत जाणं. रुग्णाला आत नेणं, डॉक्टर काय म्हणाले ते लिहून घेणं, पुढची तारीख घेणं आणि संध्याकाळी दूर राहणाऱ्या मुलांना तो कागद पाठवणं. मला स्वतःला हे काम सगळ्यात आवडतं. तास भरपूर मिळतात, आणि एकदा घडी बसली की ती कुटुंबं दर महिन्याला तुम्हालाच बोलावतात. अशी चार-पाच घरं ठरावीक वारांना बांधून घ्या, उरलेल्या वेळात सुटी कामं घ्या. जाहिरातीवर खर्च करायची घाई नको. ज्यांची कामं आजवर केलीत, त्यांच्याकडेच दरपत्रक घेऊन जा आणि ‘आणखी कुणाला गरज आहे का’ असं सरळ विचारा.