आईच्या टाळूवर काळा डाग, मिश्रीचाच असेल का?

(प्रश्न थोडक्यात: आई ६२ वर्षांची, नाशिकरोडला राहते, मिश्री लावते. तोंडात टाळूवर उजवीकडे काळा डाग, सहा महिन्यांत वाढला, दुखत नाही. तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढला तर कॅन्सर पसरेल का?)

तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही ऐकीव गोष्ट आहे, तिच्यापायी उशीर करू नका. याच आठवड्यात तुकडा तपासायला द्या.

मिश्रीने दात, हिरड्या काळवंडतात हे खरं. पण तो काळेपणा पसरट असतो, कडा विरलेल्या असतात, बहुधा दोन्हीकडे दिसतो. एकाच बाजूला आलेला आणि सहा महिन्यांत वाढलेला डाग मिश्रीच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही. तोंडातला मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, फार दुर्मिळ, सगळ्या मेलॅनोमांत १ टक्क्याहूनही कमी. पण तो होतो तेव्हा बहुतेक वेळा कडक टाळूवर (टाळूचा पुढचा, हाडाचा भाग) नाहीतर वरच्या हिरडीवर. उन्हाशी त्याचा संबंध नाही आणि सुरुवातीला तो दुखतही नाही. म्हणून ‘दुखत नाही’ यावर जाऊ नका.

डेंटिस्ट आधी डागावर काचेची स्लाइड दाबून बघतील. रक्तवाहिन्यांचा डाग दाबल्यावर फिका पडतो, मेलॅनिनचा, म्हणजे शरीरातल्या काळ्या-तपकिरी रंगद्रव्याचा, पडत नाही. जवळच्या दाढेत कधी चांदी भरली असेल तर छोटा एक्स-रे काढतात, त्यात धातूचे कण दिसले तर उलगडा होतो. न दिसले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. आई सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेत असेल तर आवर्जून सांगा, त्यानेही टाळू निळसर-काळी होते. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

खरी गडबड होते ती तुकडा घेताना. डाग लहान असेल तर थोडी निरोगी कड धरून अख्खा काढतात. मोठा असेल तर सगळ्यांत काळ्या किंवा उंचावलेल्या भागातून, पुरेसा खोल तुकडा घ्यायचा. नुसती पातळ कड उचलली तर ‘साधा रंगद्रव्याचा डाग’ असा रिपोर्ट येतो आणि सगळे निर्धास्त होतात. ब्लेडनेच काढायला सांगा. लेझर, कॉटरीने (विजेच्या तापलेल्या टोकाने) कडा जळतात, मग पेशी वाचता येत नाहीत. तुकडा ठेवायचा १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं द्रव), तुकड्याच्या किमान दहापट द्रवात. सलाईनमध्ये नाही. फॉर्मवर नेमकी जागा, मिलिमीटरमध्ये आकार, सहा महिन्यांतली वाढ, मिश्री आणि औषधं, सगळं लिहून फोटो जोडायला लावा. नुसतं ‘काळा डाग’ एवढ्यावर पॅथॉलॉजिस्ट काय सांगणार?

लॅबमध्ये एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५, मेलॅन-ए अशा, मेलॅनोमाच्या पेशी ओळखायला मदत करणाऱ्या प्रथिनांच्या खुणा रंग देऊन तपासतात; एकीवर निकाल देत नाहीत. मेलॅनिन तपकिरी आणि या तपासणीचा नेहमीचा रंगही तपकिरी. त्यामुळे फार काळी गाठ असेल तर आधी ब्लीच करतात किंवा लाल रंग वापरतात. (मेलॅनोमाचा एक प्रकार अजिबात काळा नसतो, गुलाबी गाठीसारखा दिसतो. तो सगळ्यात जास्त फसवतो.)

मेलॅनोमा निघालाच तर नाकाची दुर्बिणीने तपासणी नक्की करा, कारण टाळूच्या वरच नाकाचा तळ आहे आणि गाठ तिकडून उतरलेली असू शकते. त्वचा, डोळे, मान, मग सीटी किंवा एमआरआय आणि पेट-सीटी. स्टेजिंग (कॅन्सर किती पुढे गेलाय ते ठरवणं) इथे थेट टी-३ या गाठीच्या पायरीपासूनच सुरू होतं, तो आकडा वाचून घाबरू नका. गाठीत केआयटी आणि बीआरएएफ हे जनुकीय बदल तपासून घ्या, पुढची औषधं त्यावर ठरतात.

सुरुवात पंचवटीतल्या के.बी.एच. डेंटल कॉलेजात करता येईल. दुसरं मत परळच्या टाटामध्ये घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही; स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. आणि तो ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते, वितळतं.