मोठा पुरस्कार नसताना ईबी-१ए साठी ‘असामान्य क्षमता’ कशी सिद्ध करायची?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत सहा वर्षं पोस्टडॉक करताय, पेपर बऱ्यापैकी आहेत, नाव घेण्यासारखा पुरस्कार एकही नाही आणि गाईड म्हणतात, ‘तू अजून त्या पातळीचा नाहीस’. तर ईबी-१ए चा, म्हणजे असामान्य क्षमतेच्या आधारावर ग्रीनकार्ड मिळवण्याचा, अर्ज भरावा का आणि वकील घ्यावा का? गाईडचं ते वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य मी दोन वर्षं ऐकलंय.

तुमची पातळी ठरवण्याचा अधिकार तुमच्या गाईडला नाही. नियमात दहा निकष दिलेत, त्यातले किमान तीन बसवायचे. पुरस्कार हा त्या दहांपैकी फक्त एक. नोकरी देणाऱ्याची सहीसुद्धा लागत नाही, आय-१४० हा ग्रीनकार्डच्या वाटेवरचा पहिला अर्ज स्वतःच्या नावाने भरता येतो. पण २०१० च्या काझारियन खटल्यातल्या निकालानंतर छाननी दोन टप्प्यांत होते. आधी निकष बसतात का ते पाहतात, मग सगळा पुरावा एकत्र ठेवून माणूस आपल्या क्षेत्रातल्या अगदी वरच्या मोजक्यांत आहे का, ते ठरवतात. लोक पहिल्या टप्प्याचीच तयारी करतात. मीही तेच केलं होतं.

माझं काम द्राक्षावरच्या डाऊनी या रोगाचं. निफाडकडे आमची बाग आहे. फुलोऱ्यात पाऊस झाला की आप्पा पहाटे बॅटरी घेऊन पानांची खालची बाजू बघत फिरायचे, पांढरी बुरशी दिसते का म्हणून. पुढे मी त्याच रोगात शिरले. पानं किती तास ओली राहिली आणि तापमान किती होतं, यावरून फवारणी कधी घ्यायची आणि कधी टाळायची, हे सांगणारी पद्धत मी इथे बसवली. बसवली मी, म्हणजे आकडेमोड, शेतातली मोजणी, सगळं. पेपरवर पहिलं नाव माझं आहे.

अर्जासाठी प्रोफेसरांकडे पत्र मागितलं, तर म्हणाले, ‘काम लॅबचं आहे, तू ते नीट पार पाडलंस.’ पत्र मिळालं नाही. मी घाबरून ओळखीच्या सहा जणांकडून पत्रं आणली. सगळ्यांत मी हुशार, कष्टाळू आणि लॅबचा आधारस्तंभ होते.

शिवाय आप्पांनी जपलेलं कात्रण जोडलं. कृषी विद्यापीठात असताना माझ्या कामावर एका दैनिकात आलेली बातमी. त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोदरेजच्या कपाटात ठेवली होती. कात्री इतकी नेटकी चालवली होती की वरची तारीख आणि बातमीदाराचं नाव दोन्ही गेलं. नियमात स्पष्ट आहे की मजकुराचं शीर्षक, तारीख आणि लेखक हे तिन्ही हवं, आणि सोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या दाखल्यासह. चुलतभाऊ दोन दिवस वाचनालयात जुन्या फायली उपसत बसला. तिसऱ्या दिवशी पूर्ण पानाचा फोटो आला, कडा पिवळ्या पडलेल्या, कोपऱ्यात तारीख. तोवर अर्ज गेलेला होता.

आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारी नोटीस, आलीच. पेपर आणि पेपरांची परीक्षणं हे दोन निकष मान्य. (परीक्षणाचं नुसतं आमंत्रण दाखवू नका, ते पूर्ण केल्याचा पुरावा लागतो.) कात्रण अपुरं. आणि योगदानाच्या निकषाबद्दल एकच प्रश्न: तुमच्या कामामुळे या क्षेत्रात नेमकं काय बदललं? सहा पत्रांत त्याचं उत्तर नव्हतं.

उत्तर माझ्या मेलबॉक्समध्ये पडून होतं. दुसऱ्या राज्यातल्या एका कृषी विस्तार अधिकाऱ्याने पूर्वी दोन ओळी लिहिल्या होत्या, की तुमच्या तक्त्यावरून आम्ही बागायतदारांना फवारणीचा सल्ला देतोय, पावसाच्या आठवड्यात एक शंका आहे. मी शंकेचं उत्तर देऊन विसरून गेले होते. आता त्यांनाच पत्र मागितलं. आम्ही कधी भेटलो नव्हतो, आणि त्याचाच उपयोग झाला. कोणत्या हंगामापासून वापरतात, कुठल्या बागांत, आधी काय करत होते, सगळं त्यांनी लिहिलं. मी पुढे दोन परिच्छेद जोडले, कारण अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला डाऊनी माहीत असायचं कारण नाही: रोग मूळचा उत्तर अमेरिकेतला, १८७० च्या दशकात युरोपात पोचला, तिथे बागा उद्ध्वस्त झाल्या आणि त्यातून बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक पुढे आलं. एवढ्या जुन्या रोगावर फवारण्या कमी करणं का महत्त्वाचं, हे त्यावरून कळतं. बारा आठवड्यांची मुदत होती, दहाव्या आठवड्यात उत्तर पाठवलं. मंजूर झालं.

म्हणून सांगते, गाईडच्या पत्रासाठी अडून राहू नका. ते हवंच असं नियमात कुठेही नाही. त्याच खोलीतला माणूस तुमची स्तुती करतो त्यापेक्षा, ज्याचं तुमच्यावाचून काही अडत नव्हतं तरी ज्याने तुमचं काम उचललं, त्याचं पत्र जड. आणि आपणच आपलं कौतुक कसं करायचं, हा संकोच सोडा. माझ्यातही तो होता, प्रोफेसरांनी त्याचाच फायदा घेतला. काम कोणी केलं हे खरं खरं लिहिणं म्हणजे टिमकी वाजवणं नव्हे.

तुमचे गाईड भले असतील तर पत्र जरूर घ्या. तुमची भूमिका काय होती, हे तेच तपशिलात सांगू शकतात. पैसे भरून मिळणारे पुरस्कार आणि सभासदत्व यांच्या वाटेला जाऊ नका. जे-१ या एक्सचेंज व्हिसावर असाल तर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू आहे का, ते आधी बघा. आणि आय-१४० मंजूर म्हणजे ग्रीनकार्ड नव्हे. भारतात जन्मलेल्यांना ईबी-१ मध्येही रांग आहे, ईबी-२ या त्याखालच्या श्रेणीइतकी लांब नसली तरी. मी वकील नाही, हा एका फाइलचा अनुभव आहे.

वकिलाचं म्हणाल तर मी घेतला होता. फॉर्म आणि मांडणी त्याने चोख केली. पण तो दोन ओळींचा मेल त्याला सापडणं शक्य नव्हतं, तो मलाच शोधावा लागला.