मोटरचा षड्ज: वाचकांचे प्रश्न

जुन्या फ्लॉपी ड्राइव्हवर गाणी वाजवतात. त्यात स्पीकर नसतो, मग आवाज येतो कुठून?

मोटरमधूनच. स्टेपर मोटर सलग न फिरता टप्प्याटप्प्याने सरकते आणि दर टप्प्याला थरथरते. सेकंदाला असे 240 टप्पे पडले की कानाला सुटी टकटक न ऐकू येता 240 हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. ही मोटर फ्लॉपीचे हेड, म्हणजे चकती वाचणारे टोक, टप्प्याला एक ट्रॅक असे सरकवते; ते साधारण 80 ट्रॅकच सरकते, म्हणजे या वेगाने सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात टोकाला पोचते आणि सारखी दिशा बदलावी लागते. त्यापेक्षा नेमा 17 ही ठरावीक मापाची सुटी स्टेपर मोटर घ्या. ती कितीही वेळ एकाच दिशेला फिरते.

मोटर थेट आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनला जोडली. फिरत नाही, बोर्ड मात्र तापतो.

आधी ती काढा! पिनमधून 20 मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह घ्यायचा असतो. मधे ए4988 सारखा ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला प्रवाह देणारे सर्किट) हवा, मोटरला वेगळा पुरवठा हवा आणि दोन्हीकडचे ग्राउंड एकत्र जोडलेले हवेत. मायक्रोस्टेपिंग, म्हणजे एका टप्प्याचे बारीक तुकडे करणे, बंद ठेवा. त्याने मोटर गुळगुळीत चालते, पण आपल्याला तर थरथरच हवी आहे.

'सारेगम' वाजवले, पण बेसूर वाटते. प्रोग्रॅममधल्या डिलेचे (दोन टप्प्यांमधल्या थांब्याचे) आकडे बदलून पाहिले.

डिले मिलिसेकंदात मोजतो, घोडे तिथेच अडते. टप्प्यांमध्ये 4 मिलिसेकंद ठेवले तर 250 हर्ट्झ, 5 ठेवले तर 200; मधले काही मिळतच नाही. मायक्रोसेकंदात मोजा. आणि पियानोचा तक्ता उतरवून घेण्यापेक्षा आपल्या संगीताच्या पुस्तकांतला 240 चा सा धरा: रे 270, ग 300, म 320, प 360, ध 400, नी 450, वरचा सा 480. दहा लाखाला या आकड्याने भागा, की दोन टप्प्यांतले अंतर मायक्रोसेकंदात मिळते: सा 4167, प 2778.

हार्मोनियमशी जुळवू पाहाल तर गंधार खटकेल. समान अंतरांच्या पट्टीत 240 च्या सा वरचा ग सुमारे 302.4 वर येतो, त्यामुळे दोन्ही एकत्र वाजवले की सेकंदाला दोन-अडीच डोल (आवाजाचे चढउतार) ऐकू येतात. माझ्या कानाला मोटरचाच गंधार गोड लागतो. पेटीवाल्यांनी राग मानू नये.

आवाज फार बारीक येतो.

मोटर पातळ प्लायवूडच्या पोकळ खोक्यावर स्क्रूने घट्ट बसवा. खाली रबर नको, ते थरथर गिळून टाकते.

यावर मींड निघेल का?

निघेल, आणि हीच या वाद्याची खरी गंमत. पेटीला दोन पट्ट्यांच्या मधे स्वर नाही. मोटरला टप्प्यांमधले अंतर 4167 वरून हळूहळू 3704 वर आणले की सा वरून रे वर सलग घसरत जाता येते. मोटरलाही असे सावकाश चढणेच मानवते. एकदम वरच्या सप्तकात उडी मारायला लावली, तर ती अडखळून नुसती गुरगुरते.