दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धच्या भावनिक जाहिरातींचा खरंच उपयोग होतो का?

रडणारी आई, हार घातलेला फोटो, खाली 'घरी कुणीतरी वाट बघतंय'. असल्या जाहिरातींनी माणूस थांबतो का, असं तुम्ही विचारलंय. ज्याच्या पोटात दारू गेलीय तो थांबत नाही. उलट निघतो. मी बघितलंय.

जानेवारी २०१४, उसाचा सीझन. कोल्हापूरजवळच्या केर्लीच्या पुढं एका मित्राच्या शेतात आमचं रस्सा मंडळ होतं, म्हणजे मित्रांनी जमून शेतातच रस्सा करून खायचा. दादा चांगला चार-पाच पेग प्यायलेला. मी पीत नाही, त्या दिवशी भांडी घासायचं माझ्याकडं होतं. साडेदहाला आईचा फोन आला. दादा म्हणाला, "दार लावू नको, आलोच." फोन ठेवल्यावर त्याचे डोळे भरले. "आई जागी बसलीय रे," म्हणत उठला. स्प्लेंडरला त्याला किक बसेना. दोनदा पाय घसरला. मी राखेचे हात पँटला पुसले आणि किक मारून दिली. तेव्हा तिथं उरलेल्यांत न प्यायलेला मी एकटा, आणि गाडी मीच चालू करून दिली.

वडणगे फाट्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली उभी होती, तिच्यात मागनं घुसला. मांडीत रॉड आहे, डावा डोळा गेला. आई पहाटेपर्यंत खरंच दारात होती.

म्हणून ती 'वाट बघतंय'वाली ओळ दिसली की माझं डोकं फिरतं. जाहिरात माणूस दिवसा, शुद्धीत बघतो. तेव्हा त्याला वाटतं, हे दुसऱ्याचं झालंय, मी थोडीच घेतो. रात्री प्यायल्यावर आईची आठवण येते, ती त्याला घराकडं ओढते, आणि घराकडं जायला हाताशी गाडीच असते. नुसती भीती घालून, नुसतं रडवून भागत नाही. त्या क्षणी नेमकं काय करायचं ते सांगायला पाहिजे, आणि ते ज्याच्या हातात आहे त्याला सांगायला पाहिजे. अमेरिकेत अशी मोहीम निघाली होती. तिचं म्हणणं एवढंच होतं की मित्र असाल तर प्यायलेल्या मित्राला गाडी चालवू देऊ नका. पिणाऱ्याला नाही, शेजारच्या शुद्धीतल्या माणसाला धरलं होतं.

मी फ्लेक्सची डिझाईनं करतो. एका रस्ता सुरक्षा सप्ताहाचं काम आलं, तेव्हा मी काळ्या बोर्डावर फक्त एक तळहात काढला आणि लिहिलं, "भावा, किल्ली इकडं दे." साहेब म्हणाले, ह्यात भावना कुठाय? शेवटी बाहुली धरलेली पोरगी लावली. त्या तळहातात माझी सगळी भावना होती, हे मी आजही त्यांना सांगायला तयार आहे.

भावनेपेक्षा पकडलं जायची धास्ती जास्त चालते, हेही खरं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर १९८२ पासून पोलीस रस्त्यावर कुणालाही थांबवून दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला लावायला लागले आणि अपघाती मृत्यू चांगलेच घटले. आपल्याकडं १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि २०१९ मध्ये पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० पर्यंत नेला. पण केर्लीच्या शेतात रात्री साडेदहाला नाकाबंदी नसते. तिथं मी असतो, तुम्ही असता.

आता, सगळ्याच भावनिक जाहिराती वाया जातात असं मी म्हणत नाही. शाळकरी पोरांवर त्यांचा परिणाम होत असेल, बापाला अडवणारी पोरं मी बघितलीत. आणि दादा दहा वर्षं म्हणतोय तेही मान्य: ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, मागं साधा दिवा नव्हता. असायलाच पाहिजे होता. पण दादा, ट्रॉली उभी होती. तुझ्या आधी त्याच रस्त्यानं आपल्यातलेच दोघं तिला वळसा घालून घरी गेले. ते प्यायले होते, पण मागं बसले होते. गाडी आचारी चालवत होता.